पाऊस खराब ०२

मागच्या महिन्यात एका मित्राचा रात्री उशिरा मेसेज आला. तो एक श्राव्य नाटक करतोय, पाऊण तासाचं, दोनच पात्रं, आणि शेवटच्या प्रसंगासाठी त्याला एक आवाज हवा होता. दार लावल्याचा. पण कसा, तर आत कोणीतरी झोपलंय आणि बाहेर जाणारा माणूस हँडल खाली दाबून धरून दार अलगद ओढून घेतो, दार चौकटीला टेकतं, मग तो हँडल हळूहळू वर सोडतो आणि खटका त्याच्या खाचेत सरकतो, तो एवढुसा आवाज. वाचता वाचताच मला तो ऐकू आला. नुसती कल्पना नाही, खराखुरा, मी कधीतरी हेडफोनमध्ये ऐकलेला. आधी लाकूड लाकडाला टेकल्याचा दबका 'धप्' आणि मग जरा वेळाने, वाटतं त्यापेक्षा जरा उशिराच, 'ट्क्'. मी लगेच लिहिलं, आहे माझ्याकडे, सकाळी पाठवते.

सकाळी मी तो पाठवू शकले नाही.

आवाजाचं काम करायला लागून मला आता बारा-तेरा वर्षं होतील. कथांची वाचनं, छोटे माहितीपट, नाटकं, मधूनच कोणाच्या तरी गाण्यासाठी ठेके. या वर्षांत साठत साठत माझ्याकडे ६१ हजारांच्या आसपास फाइल्स झाल्यात, ७४० जीबी. त्यातल्या काही मी स्वतः रेकॉर्ड केलेल्या, काही विकत घेतलेल्या पॅकमधल्या, काही मित्रांनी पेन ड्राइव्हवर दिलेल्या, आणि खूपशा फुकट उतरवलेल्या. फुकट तर किती मिळतं. बार्सिलोनाच्या विद्यापीठातल्या लोकांनी २००५ मध्ये फ्रीसाऊंड नावाची वेबसाइट सुरू केली, तिथे जगभरातली माणसं आपापले आवाज आणून ठेवतात. २०१८ मध्ये बीबीसीने आपल्या कपाटातले १६ हजार आवाज ऐकायला आणि खाजगी वापरासाठी उतरवायला खुले केले, तेव्हा मी दोन दिवस दुसरं काही केलं नव्हतं. उतरवताना फार छान वाटायचं. पट्टी हळूहळू भरत जाते, फोल्डर जड होतं, आणि आपल्याकडे काहीतरी आलं असं वाटत राहतं. त्या रात्री पहिल्यांदा नीट हिशोब केला. प्रत्येक फाइल फक्त ५ सेकंद ऐकायची म्हटली तरी ८५ तास लागतील, न झोपता, न थांबता. यातलं निम्म्याहून जास्त मी कधी ऐकलेलंच नाही. ते माझ्याकडे आहे पण मला माहीत नाही.

तर 'डोअर' टाकून सर्च मारला. हजाराच्या वर फाइल्स. गाडीची दारं, फ्रीजची दारं, कपाटं, तुरुंगाची फाटकं, अंतराळयानाची सुस्कारा टाकत उघडणारी दारं. मग 'सॉफ्ट' टाकलं, मग 'जेंटल', 'क्वाएट', 'लॅच', 'हँडल'. चाळीसेक उरल्या. एकेक लावून बघितली, खाली बाण, स्पेसबार, खाली बाण, स्पेसबार, रात्री दोन वाजता बोटांना ती लय लागून जाते आणि कान कधी बंद पडतो ते कळत नाही. त्या चाळीसही फाइल्स उत्तम होत्या. स्वच्छ, जवळून घेतलेल्या, मागे जरासुद्धा घरघर नाही. पण एकही तो नव्हता. का नव्हता हे तेव्हा सांगता आलं नसतं, एवढंच कळत होतं की या सगळ्या दारांना आपल्याला कोणीतरी ऐकतंय हे माहीत आहे.

शेवटी पहाटे मी माझ्याच खोलीचं दार रेकॉर्ड केलं. पंधरा वेळा. माइक जवळ, माइक लांब, हँडल हळू, हँडल अजून हळू. त्यातल्या त्यात बरा टेक पाठवला. मित्राने ऐकून लिहिलं, "चालेल."

त्या 'चालेल'ने मला खूप दिवस सोडलं नाही.

आवाज हरवतो म्हणजे काय होतं याचा मी त्यानंतर बराच विचार केला. फाइल गेलेली नसते. ती डिस्कवर कुठेतरी आहे, तिचे सगळे शून्य आणि एक जागच्या जागी आहेत. हरवलेलं असतं ते नाव. फोटोंचं असं होत नाही, हजार फोटो छोटे करून एका स्क्रीनवर मांडले की डोळा भर्रकन फिरतो आणि पाहिजे तिथे थांबतो. आवाजाला तसं एका नजरेत घेता येत नाही, तो त्याच्या वेळेतच ऐकावा लागतो, तीन सेकंदांचा आवाज तीन सेकंद घेतोच. म्हणून आवाजाच्या बाबतीत नावावर सगळा भार. आणि नावं तर आपण कशीही देतो. रेकॉर्डर आपोआप जे देतो ते, तारीख किंवा नुसता आकडा, घरी आल्यावर बदलू म्हणून तसंच राहतं. पॅकवाले देतात ती वेगळीच तऱ्हा, एखाद्या किकचं, म्हणजे ड्रमच्या जाड ठोक्याचं, नाव 'वादळ', दुसऱ्याचं 'राक्षस', पुढे टेम्पो, पुढे पट्टी, पुढे त्यांचं स्वतःचं नाव. आणि मी रेकॉर्ड केलेल्यांची नावं त्या दिवशीच्या माझ्या मनःस्थितीवर. 'हे बरंय'. 'हे वापर'. 'नको पण ठेव'. एका फाइलचं नाव 'हाच तो' आहे. कुठला तो, ते आता मला सांगता येणार नाही, त्यात फक्त वारा आहे.

आणि अजून एक गोष्ट मला त्या चाळणीत जाणवली की माझा कान मराठीत ऐकतो आणि माझी डिस्क इंग्रजीत. मी शोधताना मनात म्हणत होते की दार 'धाडकन' नको, 'खाड्कन' नको, 'ठप्प' नको, ते 'करकरतं' नकोच, मला 'धप्' आणि मग 'ट्क्' हवंय, 'टक्' सुद्धा नाही, 'ट्क्'. आपल्याकडे आवाजांसाठी किती शब्द आहेत हे अशा वेळी कळतं. पाणी खळखळतं, झुळझुळतं, ठिबकतं, डचमळतं. पान सळसळतं पण कागद फडफडतो. नाणी खुळखुळतात, काच खळ्ळकन फुटते, काकणं किणकिणतात, आणि पोटात जे होतं ते गुडगुडतं. यातल्या प्रत्येक शब्दात तो आवाज कसा सुरू होतो, किती टिकतो, संपताना बंद होतो की विरत जातो, सगळं आलेलं आहे. 'खळ्ळकन'मध्ये ती काच फुटतेही आणि नंतर तुकडे पसरतातही. आणि मी मात्र वर्षानुवर्षं 'ग्लास ब्रेक ०७' असं लिहीत आले. इंग्रजी नाव लिहायला हरकत नाही, दुसऱ्याला फाइल द्यायची तर तेच सोयीचं, पण आठवताना माझ्या डोक्यात जो शब्द येणार तो फाइलवर नसेल तर मी आणि ती फाइल समोरासमोरून जाऊनही एकमेकींना ओळखणार नाही.

खरं तर एकदा मी हे सगळं व्यवस्थित लावलं होतं. पाच-सहा वर्षांपूर्वी चार महिने रोज रात्री तास-दीड तास बसून टॅग टाकले, तारे दिले, आवडते आवाज वेगळे काढले. साधारण नऊ हजार फाइल्स झाल्या होत्या. मग कॉम्प्युटर बदलला, डिस्कचा पत्ता बदलला, आणि सॉफ्टवेअर उघडलं तर एकूण एक फाइल कोरी. तेव्हा मला कळलं की माझे टॅग फाइलमध्ये नव्हतेच, ते त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये होते आणि तो डेटाबेस फाइलला तिच्या पत्त्यावरून ओळखत होता. घर बदललं की ओळख संपली. ज्याला कोणाला हे लावायला घ्यायचंय त्याने पहिल्याच दिवशी एवढं बघून घ्यावं, की आपण लिहितोय ते फाइलच्या पोटात जातंय की बाहेर कुठल्या तरी वहीत. वेव्ह हा आवाजाच्या फाइलचा नेहमीचा प्रकार, तिच्या आत नोंदींना जागा असते. साधी वेव्ह १९९१ सालची, पण १९९७ मध्ये युरोपच्या प्रसारण संघटनेने त्यात रेडिओवाल्यांसाठी एक वेगळा कप्पा ठरवून दिला, त्यात वर्णनाला २५६ अक्षरं, कोणी रेकॉर्ड केलं, कधी केलं, सगळं लिहिता येतं आणि ते फाइलबरोबर जन्मभर फिरतं. साऊंडमायनर, बेसहेड वगैरे सिनेमावाल्यांची जी सॉफ्टवेअर्स आहेत तीही फाइलच्या आतल्या अशा नोंदी वाचतात. मला हे नऊ हजार फाइल्सनंतर कळलं. त्या रात्री मी रडले होते, आणि मग पुढची कित्येक वर्षं या डिस्कला हातच लावला नाही, फक्त भर घालत राहिले.

'चालेल'नंतर मात्र बसले. यावेळी नावांसाठी मी यूसीएस घेतली, म्हणजे युनिव्हर्सल कॅटेगरी सिस्टीम, आवाजांच्या वर्गांची एक यादी. टिम निल्सन नावाच्या साऊंड डिझायनरने आणि त्याच्या सोबत्यांनी २०२० मध्ये ही यादी सगळ्यांसाठी फुकट खुली केली, ८० च्या वर मुख्य वर्ग आणि ७०० च्या वर पोटवर्ग, प्रत्येकाला एक छोटा कोड, लाकडी दार असेल तर 'डोअरवुड', की मग पुढे आपलं वर्णन, कोणी केलं, कुठल्या संग्रहातलं. नाव वाचलं की सॉफ्टवेअर आपोआप त्याला योग्य खणात टाकतं. मला ही यादी नुसती वाचायलाही आवडली. कोणीतरी बसून ठरवलंय की पाऊस पानांवरचा वेगळा, पत्र्यावरचा वेगळा, काँक्रीटवरचा वेगळा. जगातला प्रत्येक आवाज कुठेतरी बसलाच पाहिजे या हट्टात मला फार माया दिसते.

पण खण असले तरी त्यात टाकायला ऐकावं लागतंच आणि ६१ हजार मी ऐकू शकत नव्हते. म्हणून दुसरी जी जात आहे सॉफ्टवेअर्सची, ती घेतली. जी नाव वाचतच नाहीत, आवाजच ऐकतात. सोनोनिम, एक्सओ, अ‍ॅटलस अशी बरीच आहेत, संगीत करायच्या एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये सुद्धा २०२४ च्या १२ व्या आवृत्तीपासून सारखा आवाज शोधायची सोय आली. अशी सॉफ्टवेअर्स साधारण करतात काय, तर आवाजाचे काही मिलिसेकंदांचे बारीक तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्यात खालच्या आणि वरच्या कंपनांचा जोर किती ते मोजतात, आणि माणसाच्या कानाला जसा खालच्या पट्टीतला बारीक फरक कळतो आणि वरच्या पट्टीतला तेवढा कळत नाही, तशीच ती मापंही मुद्दाम वाकवून घेतात. ही युक्ती मुळात बोलणं ओळखणाऱ्या यंत्रांकडून आलेली. मग प्रत्येक आवाजाची उरते आकड्यांची एक माळ. दोन माळा जवळच्या असतील तर दोन आवाज सारखे. आणि २००८ साली व्हान डर मातेन आणि हिंटन यांनी टी-एसएनई नावाची एक पद्धत काढली, अशा शेकडो आकड्यांच्या माळा सपाट कागदावर अशा मांडायच्या की शेजारी शेजारीच राहतील. त्यातून नकाशे तयार होतात. मी असा नकाशा पहिल्यांदा २०१७ मध्ये बघितला होता, गूगलच्या काही लोकांनी रोजच्या जगण्यातले हजारो आवाज असे पसरून त्यातून ठेके वाजवायची सोय केली होती, आणि तेव्हा कितीतरी वेळ मी नुसता माउस फिरवत बसले होते.

आता तो नकाशा माझ्या स्वतःच्या आवाजांचा होता.

स्कॅन रात्रभर चाललं आणि सकाळी स्क्रीनवर काळ्यावर हजारो ठिपके, रंगीत. माउस नेला की तो ठिपका वाजतो. डावीकडे खाली सगळे जाड किक, तिथून वर सरकत गेलं की ते हळूहळू कोरडे होत जातात, कोरडे होत होत टेबलावर मारलेली थाप होतात, मग पुस्तक मिटल्याचा आवाज, मग पाऊल, मग परत ढोल. एका कडेला सगळा खुसखुशीतपणा एकत्र आलेला, हायहॅटच्या झांजा, शेकर, चुरगाळलेला कागद, वाळूवरची चप्पल. ज्या फाइल्स वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कामासाठी, वेगवेगळ्या फोल्डरात पडल्या होत्या त्या एकमेकींच्या शेजारी येऊन बसल्या होत्या. मला पियेर शेफेरची आठवण झाली. फ्रान्सच्या रेडिओवरचा हा माणूस १९४८ मध्ये आगगाड्यांचे आवाज कापून-जोडून संगीत करत होता आणि पुढे तो म्हणत राहिला की आवाज कशाचा आहे हे विसरून नुसता आवाज ऐकायला शिका. आमच्यासारख्यांना ते महिनोन् महिने सराव करूनही जमत नाही, दार ऐकलं की दारच दिसतं. या नकाशाला ते आपसूक येत होतं, कारण त्याला दार म्हणजे काय हे माहीतच नाही.

तरी त्या नकाशातही एक मेख आहे. जवळचे ठिपके खरंच जवळचे असतात पण लांबच्या अंतराला फारसा अर्थ नसतो, दोन ढीग एकमेकांपासून लांब दिसले म्हणजे ते तितकेच वेगळे असं नाही. हे विसरून मी एक पूर्ण संध्याकाळ कोपरे धुंडाळण्यात घालवली. मग मी आधी करायला हवं होतं ते केलं. माइकसमोर बसून तोंडाने तो आवाज काढला, 'धप्... ट्क्', आणि ती फाइल सॉफ्टवेअरला दिली की याच्यासारखं शोध. त्याने शोधलं. पहिले सहा रिझल्ट तोंडाने ठेका धरणाऱ्यांचे, पुढे जीभ टाळूला लावून काढलेला 'टॉक', मग स्टेपलर, मग जुन्या टाइपरायटरची कळ, मग एक गोटी फरशीवर. मला दार हवं होतं आणि त्याने मला तोंडं आणून दिली, आणि त्याचं बरोबरच होतं, मी त्याला तोंडच दिलं होतं. शब्दांवरून आवाज शोधणारी मॉडेल्सही आता आहेत, २०२२ पासून त्यांनी चांगला जोर धरलाय, शब्द आणि आवाज दोन्हींच्या माळा एकाच जागेत बसवतात, म्हणजे फाइलला नाव नसलं तरी वाक्य लिहून शोधता येतं. तेही करून बघितलं. हळू लागणारी दारं मिळाली, बरीच आणि छान मिळाली. तो नाहीच.

तेव्हा मला वाटायला लागलं की मी तो आवाज कधी रेकॉर्ड केलेलाच नसेल.

या सगळ्या दिवसांत मला एक जुनी गोष्ट सारखी आठवत होती, आवाजाच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असलेली ती किंकाळी. १९५१ च्या एका अमेरिकन सिनेमासाठी रेकॉर्ड झालेली, त्यात दलदलीतून चालणाऱ्या सैनिकाला मगर ओढून नेते. पुढे बेन बर्ट या साऊंड डिझायनरला ती स्टुडिओच्या संग्रहात सापडली, त्याने १९५३ च्या दुसऱ्या एका सिनेमात तीच किंकाळी फोडणाऱ्या विल्हेल्म नावाच्या सैनिकावरून तिचं नाव ठेवलं आणि १९७७ पासून ती इतकी वापरली की आज ती शेकडो सिनेमांत आहे. पण संग्रहात तिच्यावर लेबल होतं ते मगर माणसाला चावते आणि तो ओरडतो अशा अर्थाचं. कोणी उंचावरून पडणाऱ्या माणसाचा आवाज शोधत असता तर त्याने ते लेबल वाचून रीळ परत खाली ठेवलं असतं. नाव देणाऱ्याला त्या दिवशी जे हवं होतं तेच नावात उतरतं, हे मला त्या गोष्टीवरून नेहमी वाटायचं. इतकं स्वतःवर येईल असं वाटलं नव्हतं.

दोन-तीन आठवड्यांनी मी डुप्लिकेट काढायला घेतले. हे काम दिसायला सोपं पण त्यात खाचखळगे फार, नुसत्या नावावरून काढले तर 'किक ०१' नावाच्या चाळीस वेगवेगळ्या फाइल्स उडतील, आणि फाइलच्या चेकसमवरून, म्हणजे पूर्ण फाइलवरून काढलेल्या ओळखीच्या आकड्यावरून, जुळवलं तर आवाज अक्षरशः तोच असूनही एकीत टॅग लिहिलेले आणि दुसरीत नाही एवढ्यावरून त्या वेगळ्या ठरतात. 'पाऊस' फोल्डरमध्ये हाच गोंधळ होता म्हणून तिथे मी डोळ्यांनीच बघत होते, एकेक फाइल उघडून वेव्हफॉर्म, आवाजाच्या चढउताराचं चित्र. पाऊस वेव्हफॉर्ममध्ये फार सुंदर दिसतो, एकसारखा जाड पट्टा, दाट विणलेल्या घोंगडीसारखा. चांगल्या फाइल्सना मी 'पाऊस चांगला' म्हटलेलं, बिघडलेल्यांना 'पाऊस खराब'. खराब ०१ मध्ये कुठूनतरी हॉर्न. खराब ०२ अडतीस मिनिटांची, साडेसहाशे एमबी, आणि पट्टा पहिल्यापासून शेवटपर्यंत निरोगी, फक्त एकतिसाव्या मिनिटाला एक उंच सुळका. एवढा चांगला पाऊस याच्यासाठी बाद केला होता तर हा आहे तरी काय म्हणून मी त्या सुळक्याच्या जरा आधी क्लिक केलं.

पाऊस. ओसरत आलेला, थेंब मोजता येतील असा, माझा आवडता. मग मागे, डावीकडे, दार उघडल्याचं नुसतं हवेत जाणवणं. मग बाबांचा आवाज, "अगं, जरा..." आणि लगेच माझा, तो सुळका म्हणजे माझाच आवाज, चिरकलेला, माइकच्या इतका जवळ की फाटलाय, "बाबा, रेकॉर्डिंग चालूए!"

मग दोन सेकंद काही नाही. थेंब.

मग 'धप्'. आणि मग जरा वेळाने, वाटतं त्यापेक्षा जरा उशिराच, 'ट्क्'.

मी ते किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. हँडल सोडायला त्यांनी जवळजवळ चार सेकंद घेतलेत, मी मोजले. चार सेकंद दाराच्या पलीकडे उभं राहून ते खटका मिलिमीटर मिलिमीटरने सरकू देत होते. माझ्या पंधरा टेक्समध्ये काय कमी होतं ते आता मला कळतं, मी दार हळू लावत होते पण ते ऐकू यावं म्हणून लावत होते, आणि त्या चाळीस उत्तम फाइल्सही तशाच, त्यातला प्रत्येक माणूस माइककडे तोंड करून दार लावतोय. इथे एक माणूस जिवाच्या आकांताने आवाज न होऊ देण्याचा प्रयत्न करतोय आणि उरला तो एवढाच. सॉफ्टवेअरला तो सापडणं शक्यच नव्हतं, अडतीस मिनिटांच्या फाइलची एक माळ केली तर ती पावसाची माळ होते, त्यात अर्ध्या सेकंदाचा 'ट्क्' कुठे दिसणार. आणि मला तो सापडला नाही कारण नाव द्यायची वेळ आली तेव्हा मला पाऊस हवा होता.

बाबा कशासाठी आले होते ते फाइलमध्ये नाही. पुढची सात मिनिटं नुसता पाऊस आहे. ते परत आले नाहीत, मीही उठून गेले नाही, मी त्या सात मिनिटांत काय करत होते तर आवाजाच्या लेव्हलकडे बघत होते.

त्यातले अकरा सेकंद मी कापून वेगळी फाइल केली. नाव यूसीएसप्रमाणे, लाकडी दार, हळू, खटका, मागे पाऊस. वर्णनाच्या २५६ अक्षरांत पहिल्यांदा मराठीत लिहिलं, 'धप् ट्क्, आवाज होऊ नये म्हणून लावलेलं दार, बाबा'. मूळ फाइलचं नाव बदलायला गेले होते पण तसंच ठेवलं, 'पाऊस खराब ०२', त्या दिवशी मला काय हवं होतं ते त्यात लिहिलेलं आहे आणि ते खोटं नाही. मित्राचं नाटक तोवर पुरं होऊन गेलं होतं. त्याला अजूनही पाठवता येईल, तो बदलूनही घेईल, पण हात होत नाहीये. काही आवाज वापरायचे नसतात असं मी कधी मानलं नाही, आवाज वापरला गेला तरच जगतो असंच मला वाटतं, तरी नाही होत. बघू.

नकाशा आता रोज उघडा असतो. रात्री झोपायच्या आधी वीसेक ठिपके ऐकते आणि नावं देते, रेटून नाही, जेवढं होईल तेवढं. पण आता लांब फाइल्स आधी घेते, आणि त्यातल्या त्यात खराब म्हटलेल्या. एकीत बहिणीचं हसू निघालं, एकीत कोणीतरी लांबून मला हाक मारतंय आणि मी ओ दिलेली नाही. हॉर्नवाली खराब ०१ सुद्धा ऐकली, त्यात खरंच फक्त हॉर्न आहे.

परवा बाबा आले तेव्हा त्यांना हेडफोन घालून ते अकरा सेकंद ऐकवले. आधी काही सांगितलं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले, ते काहीही ऐकताना मिटतात. माझा चिरका आवाज आला तेव्हा भुवया जरा वर गेल्या, मग चेहरा शांत झाला, आणि शेवटी त्यांनी अगदी सावकाश हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"आवाज आला होता होय?" म्हणाले. "मला वाटलं होतं, नाही आला."